अहो, कडी लावून घ्या

सोमवार, ४ तारीख

आले बाई एकदाची! पिशवी ठेवली, चहा टाकला आणि अख्ख्या घरात मिरवून आले. आयुष्यभर माझी म्हणून एक खोली नव्हती, आज चार आहेत. दादाकडे मी स्वयंपाकघराशेजारच्या बोळात झोपायची. माझा पाय उंबऱ्याबाहेर पडायच्या आत वहिनीने तिथे भाच्याचं टेबल लावलं, म्हणजे परतीची सोय नाही. नसेना का! सध्या मी आयत्या बिळावर नागोबा आहे.

मालक-मालकीणबाई लेकीकडे परदेशी गेलेत, वर्षभर तरी येत नाहीत. या गल्लीत मध्यंतरी बंद घरं फुटली, म्हणून मला राखणीला ठेवलं. मालकीणबाईंनी जाताना पुन्हा पुन्हा बजावलं, की चोराला कुलूप अडवत नाही, माणसं अडवतात. एकटी बाई आहे हे कळलं तर चोराला आमंत्रणच. घर भरलेलं दिसलं पाहिजे. म्हणून दाराबाहेरच्या रॅकवर माझ्या चपलांशेजारी मालकांचे जुने बूट आणि नातवाचे लाल बूट ठेवायचे. दोरीवर पुरुषाचा शर्ट वाळत घालायचा. रेडिओ चालू ठेवायचा. आणि दिवेलागणीला, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात घरातल्या माणसाला हाक मारायची. कोणत्या माणसाला, ते माझं मी ठरवायचं.

गुरुवार, ७ तारीख

शेवटी ठरवलं. ओसरीचा दिवा लावला, घसा खाकरला आणि म्हटलं, “अहो, कडी लावून घ्या!”

म्हटलं आणि कानापर्यंत लाल झाले. लग्न झालं नाही, त्यामुळे या जिभेने कधी कुणाला ‘अहो’ म्हटलेलं नाही. आई-वडिलांचं केलं, मग दादाच्या पोरांची आत्या झाले, तेवढ्यात केस पांढरे झाले. चोरांसाठी का होईना, म्हणायला तर मिळालं. मग कडी मीच लावली आणि एकटीच हसत बसले.

बुधवार, १३ तारीख

युक्ती लागू पडली! समोरची शिंपीण दिवसभर खिडकीशी मशीन चालवते, गल्लीतलं मांजरही तिच्या नजरेतून सुटत नाही. आज तिने विचारलं, की तुमचे मिस्टर दिसत नाहीत ते? मी बिनदिक्कत ठोकून दिलं, की त्यांना पेपर मिळाला की जगाचा विसर पडतो, आणि नातू एक नंबरचा खट्याळ आहे. ती म्हणाली, भाग्यवान आहात. घरी येऊन मला थोडं रडू आलं.

रविवार, १७ तारीख

आज हाक मारली आणि दूध उतू गेलं म्हणून आत धावले. पुसपास झाल्यावर आठवलं, कडी राहिलीच. दाराशी गेले तर लावलेली होती.

मीच लावली असणार. वय झालं, दुसरं काय.

बुधवार, २० तारीख

मुद्दाम लावली नाही. हाक मारली, स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कडी सरकल्याचा आवाज स्पष्ट आला.

भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? माझ्या सांगण्यावरून या जगात कुणी कधी साधं दार लावलेलं नाही. रात्री जेवताना तीन ताटं मांडली. वेडेपणा आहे, ठाऊक आहे. पण एका ताटाचा आवाज ऐकून ऐकून मी कंटाळले होते.

सोमवार, २५ तारीख

मालकांच्या बुटांना ओला चिखल. लाल बुटांनाही. पाऊस नाही, आणि ते बूट कुणी घालत नाही.

शिंपीण म्हणाली, तुमचे मिस्टर आज ओसरीवर पेपर वाचताना दिसले, मांडीवर नातू होता. दोघांनी हात केला म्हणे. माझी खिल्ली उडवतेय का म्हणून तिच्याकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

गुरुवार, २८ तारीख

रेडिओ मी लावते, स्टेशन दुसरंच कुणी बदलतं. ताटं रिकामी होतात. घरात खूप माणसं असल्यासारखं वाटतं आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. दादाकडे असंच होतं.

शनिवार, ३० तारीख

कपडे वाळत घालत होते. मागून माझं बोट धरलं. लहान हात, गार. पोरं धरतात तसंच, घट्ट.

मागे कुणी नव्हतं. हात सुटेना. मी हिसडा दिला — आतल्या खोलीत खुर्ची सरकली. कुणीतरी रागाने उठावं तशी.

सोमवार, २ तारीख

बस झालं. भरदुपारी ओसरीवर उभं राहून ठणकावलं, की तुम्ही कुणी नाही आहात. चोरांसाठी केलेलं सोंग आहात. हे घर मी राखतेय, निघा इथून. बुटांचे दोन्ही जोड उचलले, जिन्याखालच्या कपाटात टाकले, कुलूप लावलं. किल्ली कनवटीला. ताट एकच.

संध्याकाळी हाक मारली नाही. कडी मी लावली. घर इतकं गप्प, की रात्रभर स्वतःचा श्वास ऐकत पडले. आणि खरं सांगू — चुकलं असं वाटत होतं.

मंगळवार, ३ तारीख

बूट रॅकवर आहेत. पुसलेले, जागच्या जागी.

माझ्या चपला नाहीत. सगळीकडे शोधलं. शेवटी किल्ली काढून कपाट उघडलं. आत माझ्या चपला, आणि माझी पिशवी. कपडे घड्या घालून भरलेले.

माझं ताट फडताळात नाही. माझा कप नाही.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. दादाचं फिरलं तेव्हा मी हे घर गाठलं. आता कुठे जाऊ — मालकीणबाईंना फोन लावला. पलीकडून त्यांचा आवाज, खुशीत — म्हणाल्या, आताच तर बोललो आपण, सगळं ठीक आहे म्हणालात ना —

मी नाही बोलले. आज मी नाही —

मंगळवारच, दिवेलागण

पायरीवर बसून लिहितेय. वही पिशवीत होती.

शिंपिणीकडे गेले होते. म्हटलं, साक्षीला तरी कुणी हवं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, कोण पाहिजे? मी समोरच्या घरातली, म्हटलं. म्हणाली, समोरच्या बाईंना मी ओळखते — आणि स्वतःच्या नवऱ्याला हाक मारली.

परत आले तर दार बंद. आतून.

खिडकीतून दिसतंय. तीन ताटं. पेपर. लाल बूट टेबलाखाली हलतायत. माझ्या जागी — पाठमोरी आहे. केस माझ्यासारखे बांधलेत. तो पोरगा तिचं बोट धरून बसलाय. ती हिसडा देत नाही.

हसतायत. किती हसतायत —

गल्लीत माणसं जमली. काठ्या. शिंपीण बोट दाखवतेय. चोर सोडून संन्याशाला — अहो, मी राखणदार आहे, मी —

दार वाजवलं. मला आत घ्या म्हटलं. ताट नको. कोपऱ्यात बसेन, बोलणारही नाही, सवय आहे मला —

आत हसणं थांबलं. ती बोलली. माझाच आवाज. “अहो, दारात कुणीतरी आहे. बघून या.”

बुटांचा आवाज. दाराशी.

उघडतील. मी हाक मारली तर उघडतील, माझं ऐकायचे ते — अहो — अहो, कडी क