सासूबाईंना गेलेली बातमी

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव.

माकणीच्या धरणाची बातमी आज संपादकांऐवजी सासूबाईंना गेली! ब्रेल कीबोर्ड फोनला आणि कॉम्प्युटरला एकदमच जोडलेला असतो. लिहिलेलं कुठं जावं ते आपण ठरवायचं. मी विसरलो; फोनवर सासूबाईंचा मेसेज उघडा होता, बातमी त्यातच गेली. लगेच येरमाळ्याहून त्यांचा फोन, "जावईबापू, धरणाचं पाणी सोडलं म्हणं. आमच्या नळाला कवा येतंय ते सांगा की!"

उशीर होतोय हे संपादकांना कळवावं लागलं. ते फार मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही नुसतं सांगत जा हो, इथं कुणीतरी टाइप करील."

नाही. डोळे गेले म्हणून बातमीही दुसऱ्याच्या हाती द्यायची? संस्कृतची रूपं घोकून मोठ्या झालेल्या माणसाला ब्रेलची सहा बटणं जड?

कॉम्प्युटर निवडला. कीबोर्डच्या पट्टीवर बोटाखाली 'कॉम्प्युटर' अशी टिंबं उठली, ती दोनदा वाचली, मगच लिहायला घेतलं. प्रत्येक ओळ टिंबांवरून बोट फिरवून तपासली आणि बातमी पाठवली.

थोड्या वेळानं संपादकांचा फोन, "शेवटचा परिच्छेद पाल्हाळ आहे. उडवतोय."

दृष्टी गेल्यापासून त्यांनी माझ्या एका शब्दालाही हात लावला नव्हता. दयाच ती, दुसरं काय! आज अख्खा परिच्छेद गेला.

तसा चांगला होता. उद्या भांडणार आहे.