मले गहू सोसत नाई

माय, दुपारचे दोन वाजलेत, आज सुट्टी आहे, पण मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून स्वयंपाकघर उपसून काढलंय. कणकेचा डबा, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं शेजारणीकडे पोचवलं. पोळपाट तीनदा घासला आणि शेवटी तोही देऊन टाकला, कारण भेगांत अडकलेलं पीठसुद्धा तुझ्या नातीला चालणार नाही म्हणे. माझी लेक अकरा वर्षांची आहे, तू तिला पाहिलंच नाहीस. पोट पुढे, हातपाय काड्यांसारखे, गोळ्या देऊन देऊन थकले तरी अंगात रक्त भरत नाही. गेल्या आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट वाचले, चष्मा काढला आणि साध्या मराठीत म्हणाले, "हिला गहू सोसत नाही." अगदी तुझा शब्द, माय. मी नर्स आहे, सतरा वर्षं नोकरी झाली, आणि तो शब्द म्हणजे आजार असू शकतो हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

आपल्या घरी गहू होताच कुठे. सौंदडला आपण भाताचे लोक. सकाळी पेज, दुपारी भात आणि लाखोरीचं वरण, कधी तांदळाची भाकर. पोळी व्हायची ती पाहुणा आला की, आणि तेव्हाही तू वाढायचीस, स्वतः खायची नाहीस. मला वाटायचं, तुला उरत नसेल. नव्याण्णव साली मला नोकरी लागली, अर्जुनी मोरगावला क्वार्टर मिळालं, आणि बाबा गेल्यावर मी हट्टानं तुला घेऊन आले. आपल्याकडे नोकरदाराचं घर ओळखतात ते पोळीवरून. भात म्हणजे नुसतं पाणी, खरी ताकद गव्हात, हे मीच गावोगावच्या गरोदर बायांना सांगत फिरायचे. मग माझ्या मायनं भातावर का राहावं? दोन्ही वेळा तूप लावून गरम पोळ्या. महिन्याभरात तुझं पोट बिघडलं, ते बिघडलेलंच राहिलं. मी जंताची गोळी दिली, मिठासाखरेचं पाणी दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, साखर तपासली. आणि वर पोळी चालूच ठेवली, अशक्तपणा आलाय म्हणून एक जास्तच. "मले गहू सोसत नाई वो," तू म्हणायचीस. मी हसण्यावारी नेलं.

एक सकाळ मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. लसीकरणाचा दिवस आहे, मी विसरलेलं रजिस्टर घ्यायला मध्येच घरी येते, आणि तू क्वार्टरच्या मागे उभी आहेस. पदराखालून पोळी काढतेस, चार तुकडे करतेस आणि गाईला भरवतेस. गाय पण सवयीची वाटते, म्हणजे हे रोजचं आहे. माझं डोकं फिरतं.

"काऊन वो माय, गाईले कायले चारून राहिली?"

"पोट दुखते वो. भात दे मले. दुसरं कायी मांगत नाई मी."

"उपास सोसले, चिखलात रोवणी सोसली, अन् पोळी सोसत नाई? लोकं काय म्हणतील, नर्सबाई मायले भातावर ठेवते म्हणून?"

मी तुला आत नेलं, ताटात नवी पोळी वाढली आणि संपेपर्यंत समोर बसून राहिले. तू चहात बुडवून एकेक घास गिळलास. मध्येच माझ्याकडे पाहून हसलीसही, मी रागावले होते म्हणून. त्या दिवशी मला लसीकरणाला उशीर झाला, त्याचाही राग मी तुझ्यावरच काढला.

तू पंधरा दिवस दादाकडे सौंदडला गेलीस की गाल भरून यायचे. मी म्हणायचे, लेकाकडे करमतं बाईला, लेकीकडे नखरे सुचतात. इतका उघडा हिशोब डोळ्यांसमोर, आणि मी तो लेकाच्या नि लेकीच्या मायेत घातला. जुलाबाचा कोणीही पेशंट आला की पहिला प्रश्न माझाच असतो, काय खाल्लं होतं, किती वेळानं त्रास झाला. तुला मी एकदाही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती म्हणा, तू न विचारता सांगत होतीस. दुसऱ्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. सगळे म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं.

कदाचित तुझं दुखणं वेगळंही असेल. तपासणीशिवाय सांगता येत नाही, हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगते आणि पुन्हा उठून ओटा पुसते. आता मला सगळीकडे तेच दिसतं. दूध प्यायलं की पोट धरणारी शेजारीण, वांगं खाल्लं की अंग खाजवत फिरणारा आमचा शिपाई. काल मी त्याला समोर बसवून अर्धा तास विचारपूस केली. तो घाबरला बिचारा, म्हणाला, "म्याडम, मले मोठं कायी झालं का?" त्याचं मी मुकाट्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि घरी येऊन रडले.

हे पत्र नातीच्या फाइलमध्ये ठेवायचं मनात आलं होतं. पण ती फाइल डॉक्टर उघडतात. हे दुखणं घराण्यात असतं, म्हणून त्यांनी पेन हातात घेऊन विचारलं होतं, "तुमच्या माहेरी कुणाला असा त्रास होता का?" असेल तर दादाच्या लेकरांचंही रक्त तपासायला हवं, हे मला न सांगता कळत होतं. मी म्हटलं, नाही, कुणालाच नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. माय, मी तुला दुसऱ्यांदा खोटं पाडलं.