टाकीवरची आतली बातमी

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी गेम इंडस्ट्रीचा इतिहास लिहायला घेतला तर साधनं हवीत. तरी ही वही फक्त माझ्यासाठी आहे.

परिस्थिती अशी. दिगंबर सरांनी तळेगावचं ऑफिस महिनाभर बंद करून आम्हा दहा जणांना लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या एका बंगल्यात आणलंय. २८ तारखेला परदेशातल्या पब्लिशरला आमच्या ‘कडा’ या गेमचा डेमो ऑनलाइन दाखवायचा आहे. तोपर्यंत इथेच राहायचं, इथेच जेवायचं, इथेच काम करायचं. सर याला फोकस म्हणतात. गेटला कुलूप आहे. माकडांमुळे, असं सर म्हणाले. किल्ली सरांच्या खिशात असते.

‘कडा’ला नऊ वर्षं झाली. एक माणूस कडा चढतो, एवढीच गोष्ट. पण तिसरी लेव्हल माझी आहे आणि तीच गेमचा आत्मा आहे. डेमो झाला की सर क्रिएटिव्ह डायरेक्टर जाहीर करणार. नावं दोन. मी, आणि सई, आमची लीड प्रोग्रॅमर. वय एकोणतीस. मी तिसरी लेव्हल सुरू केली तेव्हा ती कॉलेजात होती. त्यामुळे प्रश्नच नाही.

संकल्प: १. राजकारण करायचं नाही. २. रोज बारा सूर्यनमस्कार. ३. सईशी गोड बोलायचं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
सूर्यनमस्कार उद्यापासून. फरशी गार आहे.

मीटिंगमध्ये सई म्हणाली, तिसऱ्या लेव्हलला माणूस शिडीच्या मागे अडकतो, मग वरही जात नाही आणि खालीही येत नाही. आमचा टेस्टर निलेश याने ते सतरा वेळा करून दाखवलं. मी म्हणालो, यालाच रिअलिझम म्हणतात. सई म्हणाली, डेमोपुरती ती लेव्हल वगळू या. सर तिच्याकडे बघून मान हलवत राहिले.

म्हणजे राजकारण तिने सुरू केलं. संकल्प १ स्थगित.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. दुपारी ४.
हल्ली गेमच्या धंद्यात बातमी नाही, अफवा चालते. कुठला स्टुडिओ बुडतोय, कोणाला काढलं, कोणता गेम लांबला, हे सगळं आधी निनावी अकाउंटवर येतं. मीही उघडलं. नाव: ‘घाटमाथा’.

पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. बंगल्याचं वाय-फाय ऑफिसचं आहे, कोण काय उघडतं ते सगळं सईला दिसतं. म्हणून मोबाइल डेटा. आणि मोबाइलला रेंज बंगल्यात कुठेच नाही. फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर उभं राहिलं की दोन काड्या येतात. टाकीची लोखंडी शिडी नुसती टेकवून ठेवलेली आहे, हलते. खाली निलेशला धरायला उभं केलं. त्याला सांगितलं, वर प्राणायाम करतो. तो म्हणाला, सर, प्राणायाम बसून करत्यात ना? मी म्हणालो, हा अ‍ॅडव्हान्स्ड आहे.

पहिली बातमी टाकली: ‘मावळातल्या एका स्टुडिओत लीड प्रोग्रॅमरवर पब्लिशर नाराज. आतल्या गोटातून.’ पब्लिशर तसं बोललेला नाही. पण त्याने नीट विचार केला तर बोलेल.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
सात फॉलोअर्स. एकाचाही फोटो नाही, नावंही विचित्र. म्हणजे इंडस्ट्रीतली मोठी माणसं.

टाकीवरून नागफणीच्या कड्याकडे जाणारा रस्ता दिसतो. शनिवारच्या गाड्यांची रांग लागली होती. एक बाई गाडीच्या टपावर चिक्कीचा बॉक्स ठेवून मुलांना वाटत होती. त्यांना हवं तेव्हा घरी जाता येणार होतं. मला एकदम खूप एकटं वाटलं. बराच वेळ बघत राहिलो. खालून निलेशने विचारलं, सर, झाला का प्राणायाम, हात भरून आलं.

रेणुकाला फोन केला. बायको म्हणून ती उत्तम आहे, पण तिला इंडस्ट्री कळत नाही. म्हणाली, तळेगाव तासाभरावर आहे, बॅग भर आणि ये, दुसरी नोकरी बघ. तिला पुन्हा समजावलं की आमच्याकडे गेम बाजारात यायच्या आधी जो सोडून जातो त्याचं नाव शेवटच्या नामावलीतून काढतात. आतापर्यंत सहा जणांची काढली. एकाने पाच वर्षं काढली होती, आज त्याचा मागमूस नाही. मला काळ्या स्क्रीनवर दोन सेकंद माझं एकट्याचं नाव हवंय. नऊ वर्षांचे दोन सेकंद. ती म्हणाली, रेशनकार्डावर आहे ना पहिलं. मी फोन ठेवला.

सोमवार, १० नोव्हेंबर.
दुसरी बातमी: ‘तिसरी लेव्हल पाहून जाणकार थक्क. डिझायनरचं नाव लवकरच सर्वांना कळेल.’

परिणाम लगेच दिसला. जेवताना सगळे खाली मान घालून बसले होते. सईला ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. दोघं तर ताटावरून उठून बाहेर गेले. धास्ती म्हणतात ती हीच.

सूर्यनमस्कार: दोन. पाठ धरली.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी ११.
सरांनी खोलीत बोलावलं. सर म्हणाले, आपल्यातलं कोणीतरी आतल्या गोष्टी बाहेर टाकतंय, याची चौकशी तुम्ही करा, तुमच्याइतकं याबद्दल कोणाला माहीत नसेल.

इतका विश्वास. डोळ्यांत पाणी आलं. चौकशी अधिकारी म्हणजे जवळजवळ डायरेक्टरच.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
सर्वांच्या साक्षी झाल्या. सगळे फार अदबीने बोलले. सईने तर विचारलं, चौकशी अधिकाऱ्याची साक्ष कोण घेणार? मी म्हणालो, तशी तरतूद नाही. तिने लिहून घेतलं.

शेवटी बंगल्याची राखण आणि स्वयंपाक बघणारे भिमाजी. त्यांची साक्ष अशी: आमाला काय ठावं सायेब. तुमी टाकीवर जाता, मंग घडीभरानं आत समदी हसाया लागत्यात. तुमी खाली आला की गप व्हत्यात. एवढंच दिसतंय बगा.

विषयाशी संबंध नसल्यामुळे ही साक्ष वगळली.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
तेरा फॉलोअर्स. आता ब्रह्मास्त्र: ‘“कडा” एक वर्ष लांबणीवर. कारण: नेतृत्व चुकीच्या हातात जाण्याची भीती.’ हे वाचून सर घाबरतील आणि नेतृत्व योग्य हातात देतील. लांबणीवर वगैरे काही नाही, तो नुसता दट्ट्या आहे.

उतरताना निलेश म्हणाला, गावाकडं भात काढणीला आलंय, वडिवळ्याला बाप एकटाच हाय, सरांकडं तुमी शब्द टाकता का. म्हणालो, बघतो. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर.
सरांना शुक्रवारपर्यंत रिपोर्ट हवा आणि त्यात एक नाव हवं. नाव नाही दिलं तर चौकशी फसली, आणि फसलेल्या माणसाला डायरेक्टर कोण करतं?

सईचं देता येत नाही. ती पुरावा मागेल. बाकीचेही मागतील. निलेश मागणार नाही.

शिवाय वस्तुस्थिती बघावी. प्रत्येक बातमीच्या वेळी निलेश टाकीपाशी हजर होता. हे मी स्वतः पाहिलंय. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही.

भिमाजींनी पिठलं केलं होतं. दोन घासांच्या पुढे गेलं नाही. पिठलं नेहमीसारखंच होतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.
रिपोर्ट दिला. सरांनी दोनदा वाचला. विचारलं, शिडी निलेश धरतो? म्हणालो, हो. आणि वर कोण असतं? म्हणालो, ते चौकशीच्या कक्षेबाहेर आहे. सरांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि काचेतून बाहेर बघत राहिले. बहुधा ते भारावले होते.

त्यानंतर प्रतिक्रिया बघायला टाकीवर निघालो. निलेश शिडी धरायला आला. मी अर्ध्यावर असताना खालून म्हणाला, सर, रिपोर्टात माझं नाव दिलंत म्हनं.

आवाज नेहमीचाच होता. वर जावं की खाली यावं कळेना. हात शिडीला चिकटले. तो म्हणाला, जावा वर, म्या धरलीया. मी गेलो. वर जाऊन मोबाइल खिशातून काढलासुद्धा नाही. मला लाज वाटली. हे इथे एकदाच लिहून ठेवतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर.
निलेशला शिक्षा झाली. आठवडाभर कामावरून दूर. सरांनी स्वतः गेट उघडून त्याला सोडलं. तो मोटरसायकलला विळा अडकवून वडिवळ्याला भात कापायला गेला. जाताना सगळ्यांना हात केला, मलाही.

म्हणजे आरोपी बाहेर मोकळ्या हवेत आणि चौकशी अधिकारी आत कुलपात. या न्यायव्यवस्थेबद्दल कधीतरी सविस्तर लिहीन.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.
उद्या डेमो. सईने तिसरी लेव्हल वगळलेली नाही. गेले चार दिवस ती माझ्या शिडीचा बग दुरुस्त करत बसली होती. मला न विचारता. याला घुसखोरी म्हणतात. पण माणूस आता वर चढतो, हे मान्य करावं लागेल.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. टाकीवरून. सकाळी ११.१०.
पेन खिशात होतं, वहीही. म्हणून लिहितो आहे.

डेमो अकराला. पब्लिशर स्क्रीनवर यायच्या आत घाटमाथ्यावर एक बातमी टाकू म्हटलं: ‘आजच्या डेमोचे शिल्पकार कोण?’ निलेश नाही. एकट्याने चढलो. चढलो ते ठीक झालं, पण वरच्या पायरीवरून टाकीवर पाय टाकताना शिडी सरकली आणि गच्चीत आडवी पडली.

११.२०. हाका मारल्या. हॉलच्या खिडक्या बंद, काचांना काळे कागद, आत डेमोचा आवाज पूर्ण. माझ्याच तिसऱ्या लेव्हलचा वारा घोंघावतोय. भिमाजी दूध आणायला लोणावळ्याला गेलेत.

११.३५. ऑफिसच्या ग्रुपवर अकरा मेसेज टाकले. कोणी बघितले नाहीत. तो ग्रुप सगळ्यांनी म्यूट केलाय, मीसुद्धा.

११.५०. ऊन वाढलंय. टाकी बारा फूट उंच. उडी मारायचा विचार केला. गुडघ्यांनी नकार दिला. समोर नागफणीवर लोक हौसेने चढताना दिसतात.

१२.०५. नाइलाज. घाटमाथ्यावर टाकलं: ‘विश्वसनीय सूत्रांनुसार, मावळातल्या एका स्टुडिओचे ज्येष्ठ डिझायनर पाण्याच्या टाकीवर अडकले आहेत. शिडी पडली आहे. मदतीची प्रतीक्षा.’

१२.०६. सगळे गच्चीवर आले आहेत.

शनिवार, २९ नोव्हेंबर.
कालचं सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही. तरी साधन म्हणून.

शिडी सईने लावली. हसत नव्हती, हे तिचं मोठेपण. उतरल्यावर म्हणाली, तुमच्या प्रत्येक पोस्टची नोटिफिकेशन आम्ही चालू ठेवलीय, इथे दुसरी करमणूक काय आहे. तेरा फॉलोअर्सपैकी दहा ऑफिसचे, सरांसकट. अकरावे भिमाजी. बारावी रेणुका. ती म्हणे पहिल्या दिवसापासून.

तेरावा पब्लिशरचा माणूस. त्याने सगळं भाषांतर करून वाचलं होतं. डेमो त्याला आवडला. म्हणाला, तुमचा गेम एक वर्ष लांबल्याचं वाचलं, आम्हीही तेच सुचवणार होतो, बरं झालं तुम्हीच ठरवलंत. सर काही बोलणार तोवर तो अभिनंदन करून गेला होता.

‘कडा’ पुढच्या नोव्हेंबरात. क्रिएटिव्ह डायरेक्टर सई. मला काढलेलं नाही. सर म्हणाले, सुश्रुत, तुम्हाला काढलं तर नावही काढावं लागेल, आणि ते मला करायचं नाही. मला खूप रडू आलं. सर्दी झालीय असं सांगितलं.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी १०.
तळेगावचं ऑफिस कायमचं सोडलं. सरांना इथला फोकस आवडला. बंगल्याचा अकरा महिन्यांचा करार झाला. नऊ वर्षांत स्टुडिओच्या अधिकृत कागदावर माझं नाव पहिल्यांदाच छापून आलं. साक्षीदार क्रमांक दोन. क्रमांक एक भिमाजी.

निलेश परत आला. सगळ्यांसाठी नव्या इंद्रायणी तांदळाची एकेक पिशवी घेऊन. मलाही दिली. मग गच्चीवर गेला आणि शिडी तारेने टाकीला पक्की बांधून आला. म्हणाला, आता धरायला कोन लागत न्हाई सर.

बाहेर सरांनी गेटला कुलूप लावल्याचा आवाज आला.

सूर्यनमस्कार उद्यापासून. निलेशला सॉरी म्हणायचं आहे. तेही उद्या. अकरा महिने आहेत.