भिंतीवरचा रेडिओ

मु. तळवली, ठाणे-बेलापूर रस्ता
वैशाख, १९६७

तीर्थस्वरूप वामनदादांस,

जयदेवचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हातांना अजून कुंकू लागलेले आहे, ते का ते पुढे येईलच). लॅमिंग्टन रोडच्या दुकानात उभे राहून तुमची कंबर धरते असे आपल्या मामींनी कळवले होते, ती आता कशी आहे? वहिनींना नमस्कार सांगा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

जमुना बाळंतपणाला माहेरी आली आणि आमचा रेडिओचा कारखाना इथून चालत जाण्याजोगा, म्हणून सासरे धर्मराजबाबा म्हणाले, ‘‘जावय, तुमीपन हयाच रवा.’’ मी राहिलो. धाकट्या मेहुणीचे, काशीचे, लग्न याच महिन्यात आहे, हे तेव्हा कोणी बोलले नाही. आता घरात इतके पाहुणे आहेत की माझ्या कामाच्या वस्तू सार्वजनिक झाल्या आहेत. माझ्या बारीक ब्लेडने कोलंबी सोलली जाते. भिंगातून पायातले काटे शोधतात. पोलादी पट्टीने पापड उलटतात आणि ती पुसून परत जागेवर ठेवतात, म्हणजे बोलायचीही सोय नाही.

माझे काम काय ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी संतापाच्या भरात पुन्हा सांगतो. रेडिओतल्या तारांच्या जागी आता एका पातळ फळीवर तांब्याच्या रेघा येतात. त्या रेघा मी आधी पारदर्शक कागदावर काळ्या चिकटपट्टीने चौपट मोठ्या लावतो, जिथे भाग जोडायचे तिथे काळी गोल टिकली लावतो, आणि मग त्याचा फोटो काढून लहान करतात. यात अक्कल एवढीच, की एक रेघ दुसरीला शिवता कामा नये. शिवली की रेडिओ गेला. साहेबांनी बजावले होते की सोमवारी सकाळी कागद फोटोला गेला नाही, तर हे काम मुंबईच्या माणसाला आणि मी पुन्हा तारांना कथलाचा डाग द्यायच्या बाकावर. तिथून वर यायला मला केवढी मिनतवारी करावी लागली, ते तुम्ही पाहिले आहे.

शनिवारी कागद घरी आणला. जमिनीवर लग्नाचे तांदूळ पसरलेले, म्हणून मधल्या खोलीत भिंतीला टाचला. रविवारी मला बेलापूरला मांडवाचे सामान आणायला पिटाळले (जावई म्हणजे फुकटची बैलगाडी). दुपारी परत येतो तो खोलीत बायका गाणी म्हणत बसलेल्या, कागदापुढे समई, आणि प्रत्येक टिकलीवर कुंकू. हळदीला भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायची आपली रीत तुम्ही मुंबईत राहून विसरला नसाल. सासूबाईंना, म्हणजे पुतळाबाईंना, वाटले की जावयाने मेहुणीसाठी हौसेने काळा चौक लिहिला.

‘‘चौक बरा लिवलाव,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘पन रेघा जागजागी उघऱ्या ठेवल्याव. लगनाच्या घरान उघरी रेघ ठेवतान का? मीनी आनि शेजारच्या सखूनी सगल्या जोरल्या.’’

सगळ्या, दादा. माझी उरलेली चिकटपट्टी संपवून. एकही रेघ सुटली नव्हती. अशा रेडिओतून गाणे सोडाच, धूर निघाला असता.

मी बोललो. जोराने बोललो, आणि का बोलू नये? सगळ्यांच्या देखत ब्लेडने एकेक जोड सोलून काढला. कुंकू तर टिकल्यांबाहेर पसरलेले, ते जाईचना, आणि फोटोवाल्याच्या फिल्मला तांबडे काळेच दिसते, म्हणून प्रत्येक टिकली स्पिरिटने पुसली. बायकांनी गाणे मध्येच टाकले. जमुना तोंडाला पदर लावून हसत होती, तिला बाळंतपणाचीही भीती नाही आणि माझीही नाही. अखेर सोमवारी कागद वेळेवर गेला. साहेबांनी कागदाचा वास घेतला आणि तो पुढे दिला. माझी जागा राहिली. पण या घरात मला मान नाही. बाळंतपण आटोपले की मी ठाण्याला खोली घेणार, हे नक्की समजा.

तुमचा आज्ञाधारक,
जयदेव

ता. क. तुमच्या दुकानातून काळ्या चिकटपट्टीची दोन वेटोळी शुक्रवारच्या आत कोणाबरोबर तरी पाठवा. रुंद असली तरी चालेल. कारखान्याची मागता येत नाही.

आणखी एक. गोल टिकल्याही पाठवा, तांबड्या मिळाल्या तर बरे. शुक्रवारी हळद आहे. काशीने रविवारी सकाळी मैत्रिणींना बोलावून ‘‘भावोजींनी माझा चौक लिवला’’ म्हणून तो दाखवला होता, हे मला काल जमुनाने सांगितले. रविवारपासून काशी मला भात वाढते आणि वर बघत नाही. मला फार वाईट वाटले. तिच्या हळदीच्या चौकात मी एकही रेघ उघडी ठेवणार नाही. साहेबांच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका.