आपापलं कुलूप

३ मार्च, मंगळवार

बाबांनी आज जाहीर केलं — लिफ्टदुरुस्तीचं वर्कशॉप पुढे कुणी सांभाळायचं ते पंधरा तारखेला ठरवणार. ठरवणार कसलं! बोलत होते सगळ्यांशी आणि बघत होते धाकट्याकडे. तो मान खाली घालून बसलेला. अशी मान खाली घालायला मला नाही जमत. बावीस वर्षं मी ग्रीसमध्ये हात घालतोय. हा सहा वर्षं कुठेकुठे हिंडला, दीड वर्षापूर्वी उगवला, आणि कौतुक याचंच!

जळतो मी. इथे लिहायला कसली लाज? खूप जळतो.

४ मार्च, बुधवार

गुडघा ठणकतोय. म्हणजे पुन्हा तेच डोक्यात.

आमच्याकडे बाबांचा एक नियम आहे. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्याने आधी वरच्या मशीनरूममधला मेन स्विच बंद करायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात. कुलूप असेतो स्विच चालू होणं शक्यच नाही. गेल्या मार्चमध्ये मी लावलं होतं. मला स्पष्ट आठवतंय! तरी लिफ्ट खाली आली. गुडघ्याचा चुरा. धाकट्याने वर धावत जाऊन स्विच बंद केला, खाली येऊन मला ओढून काढलं, झाला हिरो. बाबा पोचले तेव्हा माझं कुलूप जागच्या जागी. सगळ्यांनी माना डोलावल्या — मशीनचा दोष.

मशीनचा! प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली बाबांच्या कपाटात असते. कुलूप काढायचं, स्विच चालू करायचा, मग परत लावून टाकायचं. त्या दिवशी माझ्याबरोबर दुसरं होतं कोण? तेव्हापासून मी स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडत बसतो आणि माझ्या जागी तो. हिशोब इतका सरळ आहे. पण घरात कुणाला बोलून दाखवायची सोय नाही. लगेच — 'तुझ्या मनातच खोट!'

७ मार्च, शनिवार

बायको हसून हसून डोळे पुसत होती. "भाऊजी काय नक्कल करतात हो!" कुणाची? माझ्या शिंकण्याची. मला माझ्याच घरात शिंकायची चोरी!

आईने त्याला मोठ्या खिडकीची खोली दिली. "त्याला उजेड लागतो रे." मला काय अंधार लागतो?

नक्कल हुबेहूब होती, हे आणखी वाईट.

९ मार्च, सोमवार

त्याच्या कुलपाची दुसरी किल्ली घेतली. कपाट उघडंच होतं.

१० मार्च, मंगळवार

घेतली म्हणजे काही करणारच असं नाही. खिशात असली की जरा बरं वाटतं इतकंच.

जीव घ्यायचा नाही. एक पाय. त्यालाही कळू दे, जिना चढताना सगळे पुढे निघून जातात तेव्हा कसं वाटतं. हे लिहिताना हात कापला नाही. कापायला हवा होता.

१२ मार्च, गुरुवार

वाचनालयाची लिफ्ट. दुसरा कारागीर आजारी, म्हणून बाबा म्हणाले, "थोरल्या, आज तू जा बरोबर." वर्षभराने बोलावणं आलं, तेही बदली म्हणून!

पाच मजले चढून मशीनरूममध्ये गेलो. धाकट्याने स्विच बंद केला, कुलूप लावलं, ओढून बघितलं. "दादा, गुडघा नसेल वाकत तर खाली येऊ नकोस. तू इथेच बस." आणि उड्या मारत जिना उतरला. दोन-दोन पायऱ्या! माझ्यासमोर!

जमिनीला दोर जाण्यापुरती भोकं आहेत. त्यातून खालून त्याची शीळ ऐकू यायला लागली. किल्ली लावली. पटकन उघडलं. कुलूप माझ्या हातात, स्विचवर दुसरा हात. फक्त वर ढकलायचा. खाली माणसं बटणं दाबतच असतात.

"दादा, आहेस ना?"

मी म्हणालो, "आहे."

"बरंय मग!" पुन्हा शीळ सुरू.

स्विचवरचा हात मागे घेतला. कुलूप परत लावलं. बाहेर जिन्यावर बसलो, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तासाभराने तो वर आला, कुलूप काढलं, म्हणाला, "झालं. चल, चहा पिऊ." चहाही त्यानेच सांगितला. बिनसाखरेचा, मला लागतो तसा.

१३ मार्च, शुक्रवार

किल्ली कपाटात ठेवून आलो. सुटल्यासारखं वाटतंय. मी त्याच्यासारखा नाही. त्याने केलं, मी नाही केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यापेक्षा वरचढ, आणि सांगायचं कुणाला? मिळू दे त्याला वर्कशॉप. (नाही. अजिबात मिळू नये!)

१५ मार्च, रविवार

दुपारी धाकटा खोलीत आला. दार लावून घेतलं. आवाज अगदी हळू.

"गेल्या वर्षी तू कुलूप लावलंच नव्हतंस, दादा. तुझ्या पिशवीत होतं. स्विच मोकळा बघून तिथल्या रखवालदाराने चालू केला. बाबांनी तुला कायमचं घरी बसवलं असतं, म्हणून तू बेशुद्ध असताना मी ते लटकवलं. रखवालदारालाही गप्प केलं."

मी गुडघा चोळत राहिलो.

"आणि मी माझं कुलूप किल्लीचं भोक भिंतीकडे करून लावतो. गुरुवारी ते समोर होतं. बाबांना सांगितलेलं नाही. पाच वाजता ते विचारतील, तेव्हा वर्कशॉपसाठी माझं नाव तू घ्यायचंस."