बाविसावे ताट

मी, या गल्लीत खाणावळवाल्या वहिनी म्हणून ओळखली जाणारी, पलटणीतल्या दिवंगत आचाऱ्याची पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. दडपण आणू पाहणारे थकून घरी गेले आहेत. माझे डोके ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरीणबाई खाली सही करतील. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकीलबाईंनी सांगितले. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे थोरल्याला वाटत असेल, तर तो त्याचा समज आहे.

कलम १. घरादाराच्या आधी माझ्या अपुऱ्या राहिलेल्या कामाची व्यवस्था लावते, कारण बाकीची कलमे त्यावरच उभी आहेत.

माझे यजमान पलटणीच्या तळावर आचारी होते. डोंगरावरच्या चौकीतला आचारी तापाने फणफणला, म्हणून थोड्या दिवसांसाठी यांना बदली म्हणून वर धाडले. बदलीचा कागद परत आल्यावर करू, असे तळावरचा कारकून म्हणाला. आजारी आचारी खाली उतरला, हे वर पोहोचले आणि चौकीला वेढा पडला. तो अख्खा हिवाळा यांनी तिथल्या माणसांना रांधून घातले. खंदकात जेवण पोहोचवताना तोफगोळ्याची कपची यांच्या उजव्या दंडात घुसली.

वेढा उठल्यावर चौकीत हजर असलेल्या सगळ्यांना एक पदक मिळाले आणि जखमींना आणखी एक. यांना दोन्ही नाहीत. त्याचे कारण सांगते. चौकीत वेगळी हजेरी होत नसे. आचाऱ्याने ताटे मोजून आकडा सांगायचा आणि बिनतारी यंत्रावरच्या माणसाने तो खाली कळवायचा, तीच हजेरी. आता आचारी ताटे मोजताना स्वतःला धरत नाही. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात उरेल ते त्याचे, ही त्या लोकांची रीतच आहे. आमच्या खाणावळीतही हे शेवटपर्यंत तसेच जेवले, उभ्याने, पातेल्यातूनच. ताट वाढून दिले तर अवघडून बसायचे. तर चौकीत माणसे बावीस होती आणि खाली रोज कळवली गेली एकवीस. तळावरच्या यादीतली नावे त्या आकड्याशी बरोबर जुळली, मग कोण कशाला विचारतो?

यांच्या सेवानोंदीत लिहिले आहे की वेढ्याच्या काळात हे तळावरच्या भटारखान्यात होते, आणि दंडाची जखम काम करताना भाजल्याने झाली. उभा जन्म हा माणूस चुलीपुढे होता, आणि मी त्यांना एकदाही चटका बसलेला पाहिला नाही. चटके मला बसायचे.

ही नोंद दुरुस्त करून दोन्ही पदके तीत चढवावीत, एवढीच माझी मागणी आहे. अभिलेख कार्यालयात माझा अर्ज दोनदा हरवला, आणि एकदा त्या इमारतीत मीच हरवले. तिथल्या मोठ्या साहेबांनी शेवटी सांगितले की चौकीत प्रत्यक्ष हजर असलेल्या कोणाचे तरी लेखी निवेदन आणा, त्याशिवाय काही होणार नाही. म्हाताऱ्या बाईच्या तोंडाला पाने पुसली असे त्यांना वाटले असावे. मी मात्र तो पत्ता मिळाला असे समजले आणि कामाला लागले.

पदकाचे एवढे काय, असे पुष्कळ लोक विचारतात. त्यांच्यासाठी लिहिते. यांनी स्वतः कधी तक्रार केली नाही. जुन्या सैनिकांच्या मेळाव्यात मोकळ्या छातीचा कोट घालून मागच्या रांगेत उभे राहायचे आणि घरी येऊन भांडी घासायला बसायचे. पण शेवटच्या आजारात एका दुपारी मला म्हणाले, “मी तिथं होतो ना गं?”

मी म्हणाले, “होतात की.”

“तुला काय माहीत? तू कुठं होतीस तिथं?”

इतकी वर्षे कागद एकच गोष्ट सांगत राहिला, तेव्हा त्या माणसाला स्वतःच्याच आयुष्याची खात्री वाटेनाशी झाली. त्याचा मला अजून संताप येतो. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि ते उत्तराविना गेले. ते मिळवणे हे माझे काम आहे, आणि मी मेले म्हणून ते संपत नाही.

कलम २. खालची खाणावळ, वरच्या दोन खोल्या, मोठी पातेली, झारे आणि गिऱ्हाइकांच्या कुरकुरी, हे सर्व मी माझ्या धाकट्या लेकीला देते. अट अशी की कार्यालयाचा नकार आला, तर तिने त्याच आठवड्यात नवा अर्ज करावा. अट घातली नाही तरी ती करेल. आजवरचे सगळे अर्ज तिनेच टाइप केले आहेत, आणि माझ्या तोंडची काही विशेषणे तिने गाळली हेही मला माहीत आहे.

कलम ३. बँकेत माझ्या नावावर जे काही शिल्लक असेल ते थोरल्याला मिळावे. तो विमा कचेरीत अधिकारी आहे. तो मला म्हणाला होता, “आई, सोड आता. बाबा गेले. पदक काय फोटोला लावायचंय?” मी तेव्हा त्याला काही बोलले नाही, कारण तोंडात घास होता. आता बोलते. पैसे मिळण्याआधी त्याने अभिलेख कार्यालयात स्वतः जावे. इस्त्रीचा शर्ट पाहून त्याला तिथे खुर्ची देतात, मला बाकावर बसवतात. त्या खुर्चीत बसून त्याने आपल्या वडिलांची नोंद मोठ्याने वाचायला लावावी. “भाजल्याने” हा शब्द परक्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर तो पुन्हा असा प्रश्न विचारणार नाही. लेकरू माझे आहे, मी त्याला ओळखते.

कलम ४. यांचा कोट लेकीने जपावा. त्याच्या छातीवर आजवर साधी टाचणीही लागलेली नाही. तसली पदके बाजारात विकत मिळतात, आणि आमचा एक पुतण्या ती प्रेमापोटी आणायला निघालाही होता. माझ्या माघारी असला शहाणपणा कोणी करू नये. खरी येईपर्यंत कोट मोकळा राहील.

कलम ५. माझे धाकटे दीर. भावजी पलटणीच्या कोठारात कारकून होते. प्रदीर्घ नोकरीबद्दल त्यांना एक पदक मिळाले आणि ते लावल्याशिवाय ते कुठल्या लग्नाला गेले नाहीत. चारचौघांत म्हणायचे, “दादानं लढाईत पातेली राखली.” लोक हसायचे, हेही हसायचे आणि मी मूग गिळून बसायची. भावजींना मी एक जेवण ठेवते. नोंद दुरुस्त होईल त्या दिवशी लेकीने त्यांना खाणावळीत बोलवावे, पहिल्या पंगतीत बसवावे, पोटभर वाढावे, आणि मग दुरुस्तीचे पत्र त्यांनाच सगळ्यांसमोर वाचायला द्यावे. चष्मा विसरलो म्हणतील, म्हणून एक चष्मा आणून ठेवावा.

कलम ६. चौकीत असलेल्यांपैकी आता एकच जण हयात आहेत, आणि तेच बिनतारी यंत्रावर होते. त्यांना सगळे तारवाले म्हणतात. खाली आकडा त्यांनीच कळवला होता. लेकीने पुष्कळ शोधून त्यांचा पत्ता काढला आणि आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. जुने रेडिओ खोलून बसले होते. मी कोण ते सांगताच त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

“तो होता हो, वहिनी,” ते म्हणाले. “पण मी लिहून दिलं, तर माझा रोजचा निरोप खोटा ठरतो. त्या निरोपांवरच मला पदक मिळालंय.”

मी म्हणाले, “सरकारला पदक द्यायचंच एवढं जड जातं, परत न्यायला कोण येतंय?”

त्यांच्या सूनबाई हसल्या. ते हसले नाहीत. विचार करतो म्हणाले. नंतर मी दोनदा निरोप पाठवला, त्याला उत्तर नाही. शेवटी मी कळवले की निवेदन राहू द्या, निदान माझ्या मृत्युपत्रावर साक्षीला या. त्यावर येतो म्हणाले.

साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, म्हणून तारवाल्यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांच्या सहीच्या वर मात्र काही ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत. कोरी जागा सोडू नये असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. आम्ही भांडलो आणि असे ठरले की त्यांनी काही लिहिले नाही, तर तिथे आडवी रेघ मारावी. हे मृत्युपत्र आजच नोंदवले जाईल, शिक्का बसेल आणि एक प्रत सरकारी कपाटात जाईल. अर्ज हरवतात तसे ते हरवणार नाही. रेघ पडली तर पडली. लेक उद्यापासून पुन्हा अर्ज लिहायला बसेल.

वरील सर्व मला वाचून दाखवले, समजले, आणि दोन ठिकाणी मी ते आणखी कडक करून घेतले.

स्थळ: खाणावळीवरची बाहेरची खोली.
दिनांक: आजचा, वार सोमवार, खाणावळ बंद असते तो.

(सही) आचाऱ्याची पत्नी

साक्षीदार पहिला:
बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांची स्मृती आणि समज उत्तम आहे. रक्तदाब वाढलेला आहे.
(सही) डॉक्टरीण

साक्षीदार दुसरा:
बाईंनी माझ्यासमोर सही केली. आचाऱ्यांच्या हातचे मी वेढा उठेपर्यंत रोज जेवलो. कपची लागली तेव्हा त्यांचा दंड मीच बांधला. चौकीत आम्ही बावीस माणसे होतो. मी कळवलेला आकडा चूक आहे, तो दुरुस्त करावा. ते तिथे होते. मी होतो, मला माहीत आहे.
(सही) बिनतारी चालक, निवृत्त