चौदा बटणांचा बोर्ड

ता. ४ ऑक्टोबर
आणि परत तेच. दादाला म्हणलं, आबांची जीप विकायची न्हाय म्हणजे न्हाय. तर म्हणतो, "तू तिकडं बंगळुरात बसून हितल्या गोठ्याची जागा ठरवणार व्हय?" थोरला भाऊ म्हणून ऐकून घेतो, नाहीतर...
जीपनं दोन गाईंची जागा अडवलीय म्हणे. आबांना विचारलंस का, तर म्हणाला, "त्यास्नी काय विचारायचं? दिसतंय कुठं त्यास्नी?"
साखरेनं डोळे गेले म्हणून बापाचं मत पण गेलं का?
फोन मीच ठेवला. चार वर्षं झाली ह्या भांडणाला.

ता. ७
आज दिवसभर एक नवं कोरं पॅनेल जुनं केलं. गावात सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. आमच्या वर्कशॉपात श्रीमंतांच्या गाड्यांचे डॅशबोर्ड बनतात. आत सगळा काँप्युटर, वरून मात्र गोल मीटर, हिरवा उजेड, खटक्याची बटणं. डिझाइनच्या मॅडम म्हणतात, पूर्वीच्या लोकांना पुढचा काळ जसा वाटायचा तसं दिसलं पाहिजे.
माझं काम सगळ्यात शेवटी. पॉलिश पेपरनं कडा घासायच्या, चहाच्या पाण्यानं आकडे पिवळे करायचे, बटणांभोवतीचा रंग झिजवायचा. कुणाचं तरी बोट तिथं वीस वर्षं फिरलंय, असं मी अर्ध्या तासात करतो. सातवी नापासाला एवढं जमतं.

ता. ८
मॅडमना मोबाईलमधला आबांच्या जीपचा फोटो दाखवला. दाखवायला नको होता.
आबांनी बावीस वर्षं कळंब ते बारामती वडाप केली, जीपनं माणसं वाहिली. दहाच्या जागी अठरा माणसं. जीपचा मूळचा बोर्ड काढून टाकला आणि स्वतः पत्र्याचा बनवला. चौदा बटणं, ट्रॅक्टरचे लाल-हिरवे दिवे, जुन्या बाजारातलं गोल घड्याळ. चौदातली पाचच जोडलेली. बाकीची कशाला, तर म्हणायचे, "पुढं लागत्याल. गाड्यांत लई काय काय येणार हाय. आपलं बटण तयार पायजे."
एवढी बटणं बघून जीपला सगळी इमान, म्हणजे विमान, म्हणायची. जंक्शन गावाला माणसं चढली की कुणीतरी बोलायचंच, "आबा, आज खालनंच न्या बरं का, वरनं नको." मग आबा एक न जोडलेलं बटण खाटकन दाबायचे. "बसा गप. पंख मिटलं."
मॅडम हसल्या नाहीत. फोटो मोठा करून बघत बसल्या.

ता. ११
वर्कशॉपच्या शेठनं आत बोलावलं. एका गिऱ्हाईकाला फोटोतला बोर्ड आवडलाय. तसा नको, तोच पाहिजे. आठ हजार देतो म्हणाला. मी म्हणलं घरी विचारतो.
जीप आज ना उद्या दादा घालवणारच. बोर्ड तरी कुठल्यातरी चालत्या गाडीत राहील. असं मी मनाला सांगितलं. सांगायला काय जातं.

ता. १२
आबांना फोन. वाटलं चिडतील. बोर्डाचं सगळं सांगून झालं. मग, "बंगळूरला? मोठ्या गाडीत?"
"व्हय."
"पर त्यांच्याकडं तर लई पुढचं असंल की सगळं."
म्हणलं, आबा, त्यांना तुमचाच पाहिजे.
मागनं आई शेजारणीला ओरडून सांगत होती, "आमचं इमान निघालं गं बंगळूरला!"
लई दिवसांनी आबा हसलेले ऐकले.

ता. १९
पार्सल आलं. उघडून बोर्ड बाहेर काढला.
रंगवलाय. सगळा. चंदेरी ऑइलपेंट, ब्रशचे ओघळ तसेच. मीटरच्या काचेच्या कडेला दरवर्षीच्या दसऱ्याच्या हळदीकुंकवाचा थर होता, तो घासून काढलाय. दिवे बदलून नवे निळे घातलेत. आकडे हातानं गिरवलेत, एक वर एक खाली. वर मधोमध कुंकवाचा ताजा ठिपका.
दादाला फोन लावला. तू बघत होतास ना?
"मी काय करू? चार दिवस ओसरीत बसून करत हुता म्हातारा. चाचपून चाचपून. मी म्हणलं राहू द्या, तर माझ्यावरच. लोकाच्या घरी मळकं पाठवायचं व्हय, म्हणला."
चूक माझी. हाय तसाच पाठवा म्हणून सांगायला पाहिजे होतं. आमच्यात शेजारणीचं भांडं परत करायचं तरी घासून देतात, रिकामं देत नाहीत, चिमूटभर साखर घालतात. दोन वर्षं इथं मळ चढवायचं काम करून मी हे विसरलो.

ता. २०
शेठ आधी हसला. मग नाही हसला. "ये तो नया कर दिया रे. नये का मैं क्या करूँ?" रंग काढ, जुना कर, नाहीतर परत पाठव.
परत पाठवायचा म्हणजे आबांना काय सांगायचं? तुम्ही चांगला केलात म्हणून नको झाला?
जेवणाच्या सुट्टीत त्यांचाच फोन. "बसिवला का?"
"काम चाललंय."
"नव्या दिव्यास्नी जास्त करंट देऊ नका म्हणावं. आन् उजवीकडचं खालचं बटण जरा जड हाय, सांग त्यास्नी."
सांगतो म्हणलं.

ता. २३
दोन दिवस हात लावला नाही. आज लावला.
थिनर, मग पॉलिश पेपर. जिथं दिसलं नसेल तिथं त्यांनी परत परत ब्रश फिरवलाय. तिथं रंग जाड. तिथंच जास्त घासावं लागलं. खाली जुनं काही निघेल असं मॅडमना वाटत होतं. नाही निघालं. आबांनी रंग देण्याआधी सगळं घासून घेतलेलं, नीट, कामाचा माणूस.
मग मी केलं. चहाचं पाणी. हळदकुंकू गोंदात कालवून काचेच्या कडेला. बटणं झिजवली. आबा मधल्या बोटानं दाबायचे, अंगठ्यानं नाही, मला माहीत होतं. म्हणून अगदी बरोबर झालं.
शेठ म्हणाला, आजवरचं सगळ्यात चांगलं काम.
बाहेर जाऊन थुंकलो.

ता. २५
दादानं जीप भंगारात दिली. मला न विचारता. "बोर्ड गेल्यावर काय राहिलं हुतं त्यात? काढायला तूच लावलास की."
चार वर्षं भांडलो आणि पाना मीच दिला त्याच्या हातात.
आबा काय म्हणाले, विचारलं.
"काय न्हाय. क्रेन आली तवा बाहेर येऊन उभा राहिला, आवाज ऐकत. म्हणला, बोर्ड तिकडं चालू हाय न्हवं? मग झालं."

ता. २७
गाडी तयार. गिऱ्हाईक बायकोला घेऊन आला. काचेच्या कडेची हळद बोटानं हळू चाचपली, म्हणाला, हे असलं आता कुठं मिळतं. मला विचारलं, कुणाचा होता?
म्हणलं, होता एका वडापवाल्याचा.
बाप म्हणायला तोंड उघडलं नाही.

ता. २९
आबांचा फोन, "फोटू पाठव की. एका डोळ्याला जवळ धरलं की कळतंय अजून थोडं."
फोटो मोबाईलमध्ये आहे. त्यात चंदेरी कुठंच नाही. आबांना कळेल न कळेल. दादाला कळेल, आणि तो गप बसणाऱ्यातला नाही. आई सांगत होती, आबा काठी टेकत रोज स्टँडवर जातात, जुन्या वडापवाल्यांना सांगतात, नवा करून दिला तवा कुठं घेतला त्यांनी.
दोनदा पाठवायला घेतला.

ता. १ नोव्हेंबर
पगार झाला. बोर्डाचे शेठनं सहाच हजार दिले. रंग काढायची मजुरी म्हणून दोन कापले. मजुरी कुणी केली, हे मी विचारलं नाही.
खोलीचं भाडं थांबेल पंधरा दिवस. फोटो अजून पाठवलेला नाही. पैसे दादाच्या नाही, आबांच्या खात्यावर टाकतोय, ठरले होते तेवढेच. आठ हजार.